कालवा नवा, टेल कोरडाच: आधुनिकीकरणात या चुका टाळा

कालवा दुरुस्तीचं काम मंजूर झालं की गावात पहिला प्रश्न असतो, काँक्रीट किती किलोमीटर होणार? दुसरा, ठेका कुणाला गेला? टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, चारीला आज सेकंदाला किती लिटर पाणी पोचतं आणि काम झाल्यावर किती पोचायला हवं, हे सहसा कुणी विचारत नाही. अंदाजपत्रकातही ते सापडत नाही. आधी मोजणी, मग पाळीची (कुणी कधी पाणी घ्यायचं याची) शिस्त, मग गेटं आणि सगळ्यात शेवटी काँक्रीट, असा क्रम असायला हवा. आपल्याकडे आधी कळस मग पाया. पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच निघतात.

"कालवा गळतो" हे निदान नव्हे

टेलला पाणी येत नाही म्हटलं की सगळे झिरप्याकडे बोट दाखवतात. पाणी चार वाटांनी जातं. तळातून आणि काठातून झिरपतं. हेडचे, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीचे, विमोचक (कालव्यातून चारीला पाणी देणारी दारं) ठरल्यापेक्षा जास्त ओढतात. भरावावरून टाकलेले पाइप आणि मोटारी रात्री चालू होतात. आणि गाळ-गवताने कालव्याची वहनक्षमताच घटलेली असते, म्हणजे मुळात वरून कमीच पाणी सोडता येतं. चारही दुखण्यांवर औषध वेगळं आहे. काँक्रीट फक्त पहिल्यावर चालतं, चौथ्यावर थोडंफार. दुसऱ्या-तिसऱ्या दुखण्यावर ते ओतलं तर हेडवाल्याला पाणी आणखी वेगात मिळतं, एवढाच फरक.

निदान अवघड नाही. आवर्तन (धरणातून ठरावीक काळाने सोडलं जाणारं पाणी) सुटून विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, स्थिरावला की कालव्यावर दोन ठिकाणी एकाच दिवशी मोजा, मधल्या सगळ्या विमोचकांचं पाणी वजा करा. उरलेली तूट म्हणजे झिरपा आणि चोरी. मग तीच मोजणी रात्री अकराला करा. झिरपा दिवस-रात्र बघत नाही. रात्री तूट वाढली असेल तर वाढीव पाणी कुठे गेलं ते गावाला माहीत असतंच.

मोजायला यंत्र नसलं तरी अडत नाही. चारीचा सरळ ३० मीटरचा तुकडा घ्या, दोन्ही टोकांना खुंट्या ठोका आणि ज्वारीच्या धाटाचा तुकडा सोडून वेळ घ्या. समजा ६० सेकंद लागले, म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. तळाशी आणि कडेला पाणी हळू चालतं, म्हणून काँक्रीटचं अस्तर असलेल्या चारीत त्याला ०.८५ ने गुणायचं. गवताच्या कच्च्या चारीत याहूनही कमी धरायचं. चारी ६० सेंटीमीटर रुंद आणि पाणी ३० सेंटीमीटर खोल असेल तर विसर्ग येतो सेकंदाला सुमारे ७६ लिटर, म्हणजे पावणेतीन क्युसेकच्या (सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक) आसपास. हा आकडा ढोबळ आहे, पण "भरपूर पाणी होतं" यापेक्षा शंभर पटीने बरा.

यंत्र बसवलेलं असेल तर ते खरं बोलतंय का हेही तपासावं लागतं. व्ही-नॉचवर, म्हणजे पाणी मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवर, पट्टी वाचताना दोन सेंटीमीटर चुकले तर काय होतं? ९० अंशाच्या नॉचवर २० सेंटीमीटर पाणी म्हणजे साधारण २५ लिटर प्रति सेकंद, २२ सेंटीमीटर म्हणजे ३१. दोन बोटांच्या चुकीत पाव हिस्सा पाणी इकडचं तिकडे. पट्टीचा रंग उडालेला, शून्य गाळात बुडालेला आणि तरीही वहीत रोज नेटका आकडा, हे दृश्य कालव्यावर फिरणाऱ्याला नवं नाही. फ्ल्यूमचा, म्हणजे चारीत बांधलेल्या मोजणीच्या अरुंद गाळ्याचा, आणखी एक खोडसाळपणा: खालच्या बाजूला बेशरमाची झुडपं वाढली किंवा गाळ साचला की पाणी मागे तुंबतं, वरची पट्टी उंच आकडा दाखवते आणि प्रत्यक्षात विसर्ग तेवढाच किंवा कमी असतो. शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेला न मिळालेल्या पाण्याचं बिल येतं ते असं. आकडा अचानक वाढलेला दिसला तर आधी यंत्राच्या खालचे पन्नास मीटर साफ करा, मग शाखा अभियंत्याशी भांडा.

अस्तरीकरणानंतर पाण्याची पातळी उतरते

ही चूक मला सगळ्यात महागाची वाटते, कारण काम चांगलं झालं तरी ती होते. कच्चा कालवा खरबरीत असतो, काँक्रीट गुळगुळीत. खरबरीतपणाचा गुणांक ०.०२५ वरून ०.०१८ वर आला, की तोच विसर्ग, तोच उतार आणि तीच रुंदी धरूनही पूर्वी एक मीटर खोलीने वाहणारं पाणी साधारण ८० सेंटीमीटरवर येतं. ते धावतं वेगात, पण धावतं खालून. विमोचकांचे पाइप मात्र जुन्याच उंचीवर असतात. हातभर पातळीवर चालणारा विमोचक वीतभर उतरल्यावर काय ओढणार?

मग शेतकरी त्याला जमतं ते करतो. दगड, मातीच्या गोण्या, जुनं पत्र्याचं दार कालव्यात आडवं टाकून पाणी उचलतो. त्याच्या वर तुंबतं, खाली आटतं, भरावावरून पाणी चढलं तर भगदाड पडतं. कार्यालयातून नोटीस निघते. वाचणाऱ्याला वाटतं शेतकरी बेशिस्त आहे. संकल्पनातच विमोचक विसरले होते, हे नोटिशीत लिहिलेलं नसतं.

म्हणून अस्तरीकरणाच्या अंदाजपत्रकात प्रत्येक विमोचकाची तळपातळी आणि नवी पाणीपातळी शेजारी-शेजारी लिहून मागा. जिथे फरक पुरत नाही तिथे विमोचक खाली घ्या किंवा आडवा नियंत्रक बांधा, ज्याने कमी विसर्गातही पातळी उचलून धरता येते. टंचाईच्या वर्षी कालवा निम्म्याने चालतो तेव्हा या नियंत्रकांशिवाय हेडसुद्धा भिजत नाही.

काळ्या रानातलं काँक्रीट

मराठवाडा, सोलापूर, नगरच्या खालच्या भागात कालवा काळ्या मातीतून जातो. ही माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं तर दोन-तीन हंगामांत फरशा उचलतात, मधोमध चिरतात आणि कडेची फरशी कालव्यात घसरते. भारतीय मानक ९४५१ नेमकं यासाठीच आहे: काळी माती खोदून काढायची आणि तिथे न फुगणाऱ्या पण चिकट मुरमाचा थर दाबून द्यायचा. मातीचा फुगण्याचा दाब जितका जास्त तितका थर जाड. प्रत्यक्षात हा थर अंदाजपत्रकात असतो आणि जागेवर पातळ होतो, कारण वर काँक्रीट पडल्यावर तो कुणाला दिसत नाही. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी उद्घाटनाला नाही गेलं तरी चालेल. मुरमाचा थर पडतो त्या दिवशी टेप घेऊन हजर राहावं.

फरशा फुटण्याचं दुसरं कारण म्हणजे कालवा एकदम बंद करणं. आतलं पाणी झपाट्याने उतरतं, पण काठाच्या मातीतलं पाणी मागून दाब देत राहतं. पाणी टप्प्याटप्प्याने उतरवा आणि अस्तरातली निचऱ्याची छिद्रं बुजू देऊ नका. आंदोलन झालं, गेट खाली पाडून कालवा एकदम बंद केला, दुसऱ्या दिवशी फरशा गेल्या, असंही घडतं.

विहिरीवाल्यांना न विचारता

झिरपलेलं सगळंच पाणी वाया जात नाही. कालव्याखालच्या शेकडो विहिरी त्याच्यावर चालतात. नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाला बारामती-इंदापूर भागातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला तो यासाठीच. उलट नगर जिल्ह्यातल्या निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्यात २०२३ मध्ये पहिल्यांदा पाणी सुटलं तेव्हा अकोले तालुक्यात रानं उपळली, म्हणजे झिरप्याने चिबडली, आणि तिथले लोक म्हणाले, आधी गळती थांबवा. दोन्हीकडचे लोक खरंच बोलत होते. वरच्या चढावर, मुरमाड रानात झिरपा विहिरीला मिळतो. सखल काळ्या रानात तोच जमीन क्षारपड करतो.

त्यामुळे सरसकट अस्तरीकरण हा हट्ट नको. मोजणीत जिथे तूट जास्त आणि खाली रान उपळतंय तिथे पहिलं काँक्रीट. जिथे विहिरी आहेत तिथे त्यांची नोंद करा, त्यांनाही पाणी वापर संस्थेत आणा, पाळीत हिशोब धरा. बोलणी न करता काम रेटलं तर रात्रीतून फरशीला पहार लागते. कुणी लावली ते पंचनाम्यात कधीच येत नाही.

पाळी पाणी सुटल्यावर ठरवणं

१५ ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे त्यावर रब्बी आणि उन्हाळ्याचा कार्यक्रम बसतो, कालवा सल्लागार समिती आवर्तनं ठरवते. गावाची बैठक मात्र कालव्यात पाणी आल्यावर भरते. तोवर हेडच्या लोकांनी दारं मोडून घेतलेली असतात.

शेजपाळी, म्हणजे एका शेतानंतर शेजारच्या शेताला पाणी देण्याचा क्रम, टेलकडून हेडकडे चालवायची, हे तत्त्व जुनंच आहे. ते का मोडतं, तर यादी नसते. साधा हिशोब आहे: एक क्युसेक पाणी तासाला सुमारे १०२ घनमीटर देतं. एकराला साडेसात सेंटीमीटर पाणी म्हणजे सुमारे ३०० घनमीटर. म्हणजे एक क्युसेकवर एकराला तीन तास. यावरून प्रत्येकाचा दिवस आणि तास लिहून चारीच्या तोंडाशी फळ्यावर लावा. यात हमखास राहून जाते ती भरणीची वेळ. कोरडी चारी भिजून टेलला धार लागेपर्यंतचे तास कुणाच्याही खात्यात धरू नका. ते पहिल्या शेतकऱ्याच्या माथी मारले तर पुढच्या पाळीला टेलवाला पहिला नंबर नको म्हणतो आणि शेजपाळी तिथेच संपते. पाळी वर सरकली की चारीत खाली उरलेलं पाणी मात्र खालच्या शेतकऱ्याला फुकट मिळतं, तेही लक्षात घ्या.

२००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने संस्थेच्या समितीत हेड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांना सारखं प्रतिनिधित्व दिलं. कागदावर ते बहुतेक ठिकाणी असतं. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर सुरुवातच टेलच्या ओझरकरांनी केली. समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या आरंभी तिथे संस्था उभ्या राहिल्या आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचं पाणी संस्थांच्या हाती आलं. ज्यांना पाणी मिळत नव्हतं त्यांनीच मोजायला सुरुवात केली होती. धुळे-नाशिककडच्या जुन्या फड पद्धतीतही (गावाने मिळून पाणी वाटायच्या पद्धतीत) दार धरणारा पाटकरी असे, शेतकऱ्याने स्वतः पाणी फोडायचं नाही. आज चारीवर पगारी पाटकरी ठेवायचा म्हटलं की "खर्च कशाला" म्हणतात. एका भगदाडाच्या दुरुस्तीत त्याचा हंगामाचा पगार निघतो.

पाइप टाकला म्हणजे सुटलो

आता वितरिकांऐवजी, म्हणजे कालव्याच्या उघड्या शाखांऐवजी, बंद नलिकांवर भर आहे. भूसंपादन वाचतं, झिरपा-बाष्पीभवन वाचतं, हे खरं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या लाभक्षेत्र विकासाच्या नव्या योजनेतही शेतापर्यंत दाबाचं पाणी नेण्याची कल्पना आहे. पण पाइपातला गाळ फावड्याने काढता येत नाही. तोंडाशी जाळी आणि गाळकुंड, सखल जागी धुण्याचे व्हॉल्व्ह, उंचवट्यावर हवेचे व्हॉल्व्ह, यांतलं काहीही वगळलं तर दोन वर्षांत टेलची तोटी फुसफुसते. पाणी येत नसेल तर आधी उंचवट्यावरचा हवेचा व्हॉल्व्ह बघा. माती भरून तो अडकलेला असतो किंवा चोरीला गेलेला असतो. आणि प्रत्येक तोटीवर प्रवाह मर्यादित ठेवणारी सोय नसेल तर वरचे चार जण पूर्ण उघडतात आणि दाब तिथेच संपतो.

ठिबकचा घोळ वेगळा. आवर्तन येतं तीन-चार आठवड्यांनी, ठिबकला पाणी हवं रोज किंवा दिवसाआड. मधे साठवण नसेल, म्हणजे शेततळं किंवा विहीर, तर पाइपातून कितीही दाबाने पाणी आलं तरी शेतकरी पाट फोडूनच भिजवणार. नळ्या कोपऱ्यात गुंडाळलेल्या दिसल्या की शेतकऱ्याला दोष देण्याआधी आवर्तनाचं वेळापत्रक बघा.

स्वयंचलित गेटं

कर्नाटकातल्या नारायणपूर डाव्या कालव्याचं आधुनिकीकरण जानेवारी २०२३ मध्ये लोकार्पित झालं, तिथे दूरनियंत्रित गेटं आहेत. ते पाहून आल्यावर आपल्याकडेही मागणी होते. मागायला हरकत नाही, पण आधी हाताची गेटं चालू करा. ज्या वितरिकेवर गेटचं चाक नाही, स्क्रू गंजलाय आणि दारात दगड अडकवून पाणी बंद करतात, तिथे संवेदक (सेन्सर) बसवून तो फक्त नेमकी माहिती देईल की दार बंद होत नाहीये. देखभालीचा पाच वर्षांचा करार, सुटे भाग, वीज नसताना हाताने चालवण्याची सोय आणि गाळात बुडणार नाही अशी संवेदकाची जागा, या चार गोष्टी निविदेत नसतील तर काम थांबवायला सांगा. आकडे कुणाला दिसणार हेही विचारा. उपविभागीय कार्यालयातल्या पडद्यावर विसर्ग दिसतो आणि टेलच्या संस्थेला फोन करून विचारावं लागतं, असं असेल तर संस्थेच्या सचिवाच्या मोबाइलवर तो आकडा यायलाच हवा, अशी अट घाला.

घनमापनाने, म्हणजे घनमीटरमध्ये मोजून, पाणी घेणाऱ्या संस्थांनी एक वही रोज लिहावी: तारीख, वेळ, पट्टीचा आकडा, विसर्ग, आणि समोर पाटबंधारेच्या मोजणीदाराची सही. सही रोजच्या रोज घ्या. आवर्तन संपल्यावर मागितली तर मिळत नाही. पाणीपट्टीचा वाद आला किंवा पुढच्या हंगामात हक्काचा कोटा कापला गेला तर हीच वही पुढे करावी लागते.