सीओपीडीच्या पेशंटला घरी ऑक्सिजन मशीन लावताना

कोरोनापासून घरोघरी ऑक्सिमीटर आलाय आणि ९४ च्या खाली गेलं की घाबरायचं हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण सीओपीडीच्या (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) बऱ्याच पेशंटना डॉक्टर ८८ ते ९२ एवढंच टार्गेट देतात, आणि गडबड नेमकी इथेच होते, ९० दिसलं की घरातलं कोणीतरी काळजीपोटी मशीनचा फ्लो (मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन) २ चा ४ करून टाकतं. प्लीज असं करू नका. काही पेशंटच्या रक्तात जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठतो, आपल्याला वाटतं बाबांना छान झोप लागली आणि ते गुंगीत चाललेले असतात.

म्हणून फ्लो किती, रोज किती तास (बहुतेकांना रात्र धरून निदान १५ तास सांगतात) आणि टार्गेट काय, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आपल्या इंदूरात अटेंडंट जास्त करून हिंदीवालेच मिळतात, दिवसाचा वेगळा रात्रीचा वेगळा, तेव्हा मशीनवरच मोठ्या अक्षरात चिकटवा, "२ से ज्यादा मत करना, पहले फोन करना". फ्लोचा आकडा बघताना मशीनवरच्या नळीत तरंगणाऱ्या गोळीचा मध्य त्या आकड्याच्या रेषेवर हवा. आणि ऑक्सिमीटर लावायच्या आधी बोटं गार असतील तर चोळून गरम करा, नेलपेंट किंवा मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या, मिनिटभर थांबून मगच आकडा धरा.

मशीनला ऑक्सिजन ओलसर करायची बाटली असते, तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच, रोज बदलायचं. बुडबुडे दिसत नसतील तर आधी झाकणाचे आटे नीट बसलेत का आणि ट्यूब कॉटखाली दबली नाही ना ते बघा. मशीनचा हवेचा फिल्टर आठवड्याला धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. कानामागे ट्यूब घासून चट्टे पडतात तिथे कापूस ठेवा, नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन किंवा तेल नको, पाण्यावर बनलेली जेली केमिस्टकडे मिळते.

आगीचं मात्र फार सांभाळा. ऑक्सिजन कपड्यांत, पांघरुणात मुरतो, त्यामुळे निरांजन, उदबत्ती, कापूर, मच्छर कॉइल सगळं दुसऱ्या खोलीत, आजी रागावल्या तरी. बिडी-सिगरेट तर त्या घरात कोणीच ओढायची नाही.

लाईट गेली तर? मशीनच्या मागे वॅट लिहिलेले असतात, ते दाखवून इलेक्ट्रिशियनला इन्व्हर्टर किती वेळ ओढेल ते विचारा, आणि एक भरलेला सिलेंडर रेग्युलेटर-चावीसकट घरात असूच दे, चावी दोरीने सिलेंडरलाच बांधा.

सकाळी डोकं दुखतंय, बोलणं असंबद्ध होतंय, कफ पिवळा-हिरवा झालाय, पाय सुजलेत, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ओठ निळे पडले, एक वाक्य पूर्ण बोलवत नाही किंवा हाक मारून नीट जाग येत नाही, तर थेट १०८, आणि गाडीतल्या माणसाला आधी हेच सांगा की सीओपीडी आहे, टार्गेट ८८ ते ९२, आणि डॉक्टरांनी लिहिलेला कागद त्याच्या हातात द्या.