पंप एचपीवर घेऊ नका: नवीन साइट इंजिनिअरसाठी थोडं अनुभवातून

डिप्लोमा झाला आणि मी पुण्यात एका प्लंबिंग कॉन्ट्रॅक्टरकडे लागलो, पहिलंच काम बारा मजली सोसायटीचा पंप निवडायचं. कॉलेजात सेंट्रिफ्यूगल पंप (आतल्या फिरत्या चाकाने, म्हणजे इम्पेलरने, पाणी फेकणारा) शिकलो होतो पण खरं सांगू, दुकानात गेलो की सगळे एकच विचारतात, किती एचपी पाहिजे? आणि आपणही सांगून मोकळे होतो.

आधी पाणी किती ते काढा. ४८ फ्लॅट, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ३२,४०० लिटर. वरची टाकी ३ तासांत भरायची तर मिनिटाला १८० लिटर. मग हेड, म्हणजे पंपाला पाणी किती मीटर चढवायचंय ते. खालच्या टाकीतल्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या इनलेटपर्यंत ३९ मीटर, पाइप-बेंड-व्हॉल्व्हचं घर्षण धरून ४५. पंपाची एफिशियन्सी ४५ टक्के धरली तरी शाफ्टला ३ किलोवॅटच्या आत लागतात, म्हणजे ५ एचपीची मोटर आरामात पुरते.

इथे मी शेण खाल्लं. ४५ वर मी थोडं वाढवलं, साहेबांनी अजून थोडं, दुकानदार म्हणाला जास्त असलेलं बरं, आणि ६० मीटरचा पंप आला. मोटर तीच ५ एचपी. चालू केला की दहा मिनिटांत ओव्हरलोड ट्रिप. मी बेअरिंग बघितलं, व्होल्टेज बघितलं, कपलिंग हाताने फिरवून बघितलं, काहीच नाही. शेवटी एक जुने फिटरकाका आले, टाँग टेस्टर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) लावला, ९.५ अँपिअर, मोटरच्या प्लेटवर ७.५. काही न बोलता त्यांनी डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून पाणी बाहेर जातं तिथला, व्हॉल्व्ह हळूहळू बंद करायला घेतला, मला वाटलं आता मोटर जळणार, तर आकडा खाली! ७.२ वर आला आणि काका म्हणाले, "अरे याला अडवणारं कोणी नाही म्हणून हा धावतोय."

तेव्हा पंपाचा कर्व्ह, म्हणजे किती हेडला किती पाणी देतो तो आलेख, डोक्यात शिरला. ६० मीटरच्या पंपाला ४५ चं काम मिळालं की तो जास्त पाणी फेकतो आणि जास्त पॉवर खातो. म्हणूनच हा पंप डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून चालू करायचा आणि मग उघडायचा, फक्त बंद ठेवून चहाला जाऊ नका, आतलं पाणी उकळतं.

सक्शनला, म्हणजे पंपात पाणी येतं त्या बाजूला, मात्र कंजूषी नको. पंप पाणी ओढत नाही, बाहेरची हवा ते ढकलते, म्हणून प्रत्यक्षात ५-६ मीटरच्या वर उचल धरू नका, पाइप एक साइज मोठा घ्या आणि रिड्यूसर (मोठा पाइप लहान तोंडाला जोडणारा तुकडा) एक्सेंट्रिक, म्हणजे एका बाजूने सपाट, सपाट बाजू वर, नाहीतर तिथे हवा अडकते. आत खडी फिरतेय असा आवाज आला तर ते कॅव्हिटेशन, म्हणजे पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं, इम्पेलर खाऊन टाकतं. पंप खालच्या टाकीच्या पातळीपेक्षा खाली बसवता आला तर फुटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या तळाचा, पाणी परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आणि प्रायमिंगची (चालू करण्याआधी पंपात पाणी भरायची) रोजची कटकटच संपते.

अजून एक, केबलचं काम झालं आणि पाणी अचानक कमी चढायला लागलं तर आधी फिरायची दिशा बघा. फेज उलटे झाले तरी हा पंप थोडं पाणी देतोच, त्यामुळे कोणाला शंका येत नाही, वॉचमन नुसता तासन्‌तास चालवत बसतो (एकदा आम्ही यापायी पूर्ण लाइन खोलली होती, हसू नका). शाफ्टभोवती दोरीसारखं ग्लँड पॅकिंग भरलेला पंप असेल तर थेंब थेंब गळू द्या, कोरडा केला की शाफ्ट स्लीव्ह जातो. पॅकिंगऐवजी मेकॅनिकल सील असेल तर त्याला ड्राय रन, म्हणजे पाण्याविना चालणं, अजिबात चालत नाही, खालच्या टाकीत लेव्हल कंट्रोलर लावाच.

आमच्या त्या ६० मीटरवाल्याचं काय झालं? वर्षभर व्हॉल्व्ह अर्धा दाबून चालवला, म्हणजे वीज जाळून हेड मारत बसलो. मग इम्पेलर लेथवर १० टक्के उतरवून घेतला, हेड ४८ च्या आसपास आलं. आता व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो आणि काकांचा टाँग टेस्टर ६ दाखवतो.