आजोबांची दुनळी, आणि कोणतं काडतूस?

आजोबांची बर्मिंगहॅमची दुनळी माझ्या परवान्यावर चढली, तेव्हा पहिलं येडेपण मीच केलं. ७० मिलिमीटरचं काडतूस आत सोडून बघितलं. अलगद बसलं, बंदूकही खटकन मिटली. बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी ते बाहेर काढून माझ्या हातात ठेवलं. "बसलं म्हणजे चाललं नव्हे."

काडतुसावरची ७० ही लांबी बार उडाल्यावरची, तोंडाची घडी उलगडलेली. नवं काडतूस जेमतेम ५८ भरतं, म्हणून ते अडीच इंची, म्हणजे ६५ च्या घरात (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत) सुखाने मावतं. चाप ओढला की घडी उलगडते ती पुढच्या निमुळत्या गळ्यात. छर्‍यांची वाट आवळते आणि दाब चढतो. खडकीच्या कारखान्यातल्या 'शक्तिमान' काडतुसांची पेटी घेतानाही आधी लांबी वाचा.

मग नळ्या सोडवून उलट्या करा आणि मागच्या सपाट भागावरचे तपासणीचे ठसे भिंगाने बघा. ब्रिटिश बंदुकीवर 'नायट्रो प्रूफ' (म्हणजे आजच्या, धूर न करणाऱ्या दारूसाठी तपासलेली), 'एनपी' किंवा 'बीएनपी' यांतलं काहीच नसेल, तर ती काळ्या दारूची समजा. आजचं काडतूस तिला दाखवूही नका. १९५४ नंतर काही दशकं ठशात दाब प्रति चौरस इंच टनांत असायचा: ६५ ला ३, ७० ला सव्वातीन.

इथे मी गणितात फसलो. ३ गुणिले २२४०, म्हणजे ६७२० पौंड प्रति चौरस इंच! पण तो जुना टन धातूचा तुकडा किती चेपला यावरून काढलेला. आजच्या यंत्रावर तोच दाब नऊ हजारांच्या आसपास दिसतो. युरोपातल्या साध्या १२ बोर काडतुसाची मर्यादा ७४० बार (दाबाचं एकक), म्हणजे सुमारे १०,७३० पौंड प्रति चौरस इंच. अमेरिकेतल्या पावणेतीन इंचीची ११,५००. म्हणून पेटीवर दाब छापलेला नसेल तर विक्रेत्याला विचारा. 'हलकं, २८ ग्रॅमचं आहे' हे उत्तर नव्हे; दारू झटपट जळणारी असली तर कमी छर्‍यांतही दाब उसळतो.

शेवटी मिस्त्रींनी मागच्या टोकापासून नऊ इंचांवर नळीचं आतलं माप घेतलं. ठशात ०.७२९ इंच. त्यापेक्षा ०.०१० इंच वाढलं की तपासणीचा ठसा बाद. उजवी ०.७३२ भरली. डावी ०.७४१. आजोबा दर पावसाळ्यानंतर गंज घासायचे, मन लावून.

सध्या ती कपाटात आहे, कुलपात.