कांद्याचे गोंडे फुलताना: बीजोत्पादकांनी मधपेट्या कधी आणाव्यात, कशा सांभाळाव्यात

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेल्या मातृकांद्याला (बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला) आता डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, आले आहेत. फेब्रुवारीभर त्यांच्या टोकाचे गोंडे, म्हणजे फुलांचे गुच्छ, फुलतील. जालना-बुलढाणा पट्ट्यात कांदा बियाण्याचे प्लॉट घेणाऱ्यांकडून या दिवसांत एकच प्रश्न येतो: गोंडा भरगच्च दिसतो, मग बी पोकळ का निघतं?

बहुतेक वेळा उत्तर परागीभवनात असतं. कांद्याच्या फुलात पराग आधी सांडतो आणि स्त्रीकेसर त्यानंतर तयार होतो. म्हणून त्याच फुलाचा पराग त्याच फुलाच्या कामी येत नाही. तो दुसऱ्या फुलावरून कोणीतरी आणून द्यावा लागतो आणि वाऱ्याच्या भरवशावर ते होत नाही. एका फुलात जास्तीत जास्त सहा बिया धरू शकतात. किती धरतील हे माशी किती वेळा येऊन जाते यावर ठरतं. काही जण गोंड्यांवरून हात फिरवतात. दहा-वीस गुंठ्यांत ते जमेल, पण पाच एकरांत मजुरी कोण देणार?

पेटी लवकर आणून ठेवणं ही नेहमीची चूक. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं आणि मधमाशीला तो फारसा आवडत नाही. फुलं उमलण्याआधी पेट्या मांडल्या तर माशा शेजारच्या मोहरीला, कोथिंबिरीला लागतात आणि मग तिथंच जात राहतात. साधारण दहा टक्के फुलं उघडली की पेट्या आणा, तेही रात्री. मेलिफेरा या परदेशी पाळीव मधमाशीच्या चांगल्या भरलेल्या दोन-तीन पेट्या एकराला पुरतात.

‘चांगल्या भरलेल्या’ म्हणजे काय, ते मधपालाला झाकण उघडून दाखवायला सांगा. माशांनी झाकलेल्या सात-आठ फ्रेम हव्यात आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त फ्रेमवर पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या-कोष, हवा. पिलांना खाऊ घालायला पराग लागतो, म्हणून पिलावा असलेल्या पेटीतल्या माशा परागासाठी जास्त फिरतात. मध भरपूर पण पिलावा नाही, अशी पेटी तुमच्या कामाची नाही. भाडं मात्र तेवढंच घेतलं जातं. सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्या मिळाल्या तर संख्या वाढवा, कारण वसाहत लहान असते. त्या उगाच उघडू नका. त्रास झाला की सातेरी पेटी सोडून जाते.

पेट्या बांधावर, दार पूर्वेकडे, दुपारी सावली मिळेल अशा ठेवा. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, नाहीतर मुंग्या चढतात. जवळच उथळ भांड्यात खडे टाकून पाणी ठेवा. एकदा मांडलेली पेटी दहा-वीस फूट सरकवायचा मोह टाळा, कारण बाहेर गेलेल्या माशा जुन्या जागीच परततात. तुषार सिंचन फुलोऱ्यात बंद ठेवा, त्यानं पराग धुऊन जातो.

आता फवारणी. फुलकिडे आणि करपा यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्यापूर्वीच करा. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही औषधं फुलोऱ्यात नकोतच. करप्यासाठी बुरशीनाशक मारावंच लागलं तर सूर्यास्तानंतर मारा आणि मधपालाला आदल्या दिवशी फोन करा. फवारणी आहे म्हणून पेट्या दिवसभर बंद ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, फेब्रुवारीच्या उन्हात माशा आत गुदमरतात. शेजाऱ्यालाही सांगून ठेवा. माशी दोन-तीन किलोमीटर सहज जाते, तिला तुमचा बांध कळत नाही. म्हणूनच दुसऱ्या वाणाच्या प्लॉटपासूनचं विलगीकरण अंतरही काटेकोर पाळायला हवं.

गुळाचं पाणी शिंपडण्याबद्दल बरेच जण विचारतात. त्यानं माशांची ये-जा वाढते, पण मुंग्या आणि बुरशीही येते. माझं मत विचाराल तर तो खर्च आणखी एका पेटीवर करा. वडाच्या झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली आग्या, म्हणजे मोठ्या रानमाशांचा थवा, बसलेला असेल तर त्याला धूर देऊ नका. कांद्यावर तो फुकटात मोठं काम करतो.

पेट्या भाड्यानं घेताना भाडं, पेट्यांची संख्या, आणण्या-नेण्याच्या तारखा आणि फवारणीची सूचना हे साध्या कागदावर लिहून घ्या. मधपाल ओळखीचा नसेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या कीटकशास्त्रज्ञांना विचारा. स्वतः पेट्या पाळायच्या असतील तर खादी आयोगाची पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून हेच शिकवते. राज्य खादी मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ झालेलं मांघर तिथून जवळच आहे. सातेरी पाहायची असेल तर तिकडे एक फेरी मारा.

पेटीसमोर अचानक मेलेल्या माशांचा सडा दिसला तर ताज्या माशा कागदाच्या पाकिटात घ्या, प्लॅस्टिकमध्ये सडतात. कोणी, काय, कधी फवारलं ते पाकिटावर लिहा आणि त्याच दिवशी कृषी विज्ञान केंद्रात पोहोचवा. तीन-चतुर्थांश फुलं आटोपली की रात्री दार बंद करून पेट्या उचलायला सांगा.