मॅनेजर म्हणून सही करण्याआधी

व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ छापून आलं की घरी पेढे वाटले जातात. आमच्याकडेही वाटले होते. पण हा शब्द जागेजागी वेगळा असतो. बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर ठेवी आणि विमा विकतो, बहुतेकदा त्याच्या हाताखाली कुणी नसतं. आयटीतल्या प्रॉडक्ट मॅनेजरला ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं, त्यांचा साहेब दुसराच असतो. नारायणगावच्या राहुटीत बसलेला तमाशाचा मॅनेजर गावकऱ्यांशी सुपारी ठरवतो आणि सगळा फड त्याच्या शब्दावर हलतो. कारखान्यातला मॅनेजर मात्र कायद्यातला शब्द आहे. मी अडकलो तो तिथेच.

2013 साल. एमआयडीसीतलं प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणारा कारखाना, साठेक कामगार. मी असिस्टंट मॅनेजर, वय सव्वीस. जुने मॅनेजर सोडून गेले आणि आठवडाभरात अकाउंटचे काका एक फॉर्म घेऊन आले. सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली मारलेली. म्हणाले, “डिशला पाठवायचाय, फॉर्मॅलिटी आहे.” डिश म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, एवढं मला माहीत होतं. मी उभ्या उभ्या सही केली. फॉर्मची झेरॉक्सही मागितली नाही.

तेव्हा कारखाने अधिनियम, 1948 लागू होता. त्यात भोगवटादार म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेला, बहुतेकदा मालक, आणि व्यवस्थापक म्हणजे मॅनेजर, अशी दोन नावं सरकारला कळवावी लागत. नवा मॅनेजर आला की सात दिवसांत. कायदा मोडला तर कलम 92 खाली दोघंही दोषी, प्रत्येकाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पगार किती, कार्डावर काय छापलंय, हे तिथं कुणी विचारत नाही. फॉर्मवर नाव कुणाचं, एवढंच बघतात.

आमच्या एका प्रेसचा, हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर वायर टाकून बायपास केलेला होता, कारण सेन्सरमुळे प्रॉडक्शन कमी पडायचं. मी शेठना दोनदा सांगितलं, तेही तोंडी. उत्तर एकच: “या आठवड्यात मॅनेज कर.” चौथ्या महिन्यात नाइट शिफ्टला एका ऑपरेटरची दोन बोटं गेली. मी पोचलो तेव्हा ती वायर तशीच लोंबत होती. नोटीस दोन नावांनी आली, शेठच्या आणि माझ्या. दंड कंपनीनं भरला, पण तारखांना कोर्टात मीही उभा राहिलो. ती बोटं मला वाचवता आली असती, हे अजून डोक्यातून जात नाही.

घाबरू नका. मॅनेजर म्हणून सही करणं वाईट नाही, अनेक चांगली माणसं ती करतात आणि कारखाना नीट चालवतात. पण अधिकार हातात नसताना सही करू नका. मशीन बंद करायचा अधिकार मला आहे का? मशीनला गार्ड, म्हणजे संरक्षक आवरण, बसवायला किती खर्च मी स्वतः मंजूर करू शकतो? हे लेखी घ्या. धोका दिसला की त्याच दिवशी मेल टाका. नोकरी सोडताना तुमचं नाव सरकारी कागदावरून निघालं का, ते बघूनच निघा. आता 2020 च्या कामगार संहिता आल्या आहेत, तेव्हा तुमच्या कारखान्याला नेमका कुठला नियम लागतो ते जाणकाराला विचारा.

दर दोन वर्षांनी नोकरी बदलून पद वाढवा, असं सांगणारे करिअर गुरू मला पटत नाहीत. त्यांच्यातल्या कुणी फॉर्म वाचायला शिकवल्याचं मी ऐकलेलं नाही. मला शिकवलं ते टूलरूमच्या फोरमनकाकांनी. अपघातानंतर ते म्हणाले, “साहेब, तोंडी सांगितलेलं कोर्टात ऐकू येत नाही.”

पुढच्या कंपनीत मी नेमणूकपत्रात एक ओळ वाढवून मागितली: सुरक्षेसाठी कुठलंही मशीन थांबवण्याचा अधिकार. एचआरनं दोन दिवस लावले, पण ओळ दिली. तिसऱ्याच आठवड्यात मी एक प्रेस अर्धी शिफ्ट बंद ठेवली.