‘करलं नाही, केलं म्हण’ असं म्हणण्याआधी

"बाई, मी विमान करलं!"

पहिलीतला एक मुलगा कागदाचं विमान उंच धरून माझ्याकडे धावत आला. मी विमानाकडे न बघताच म्हणाले, "करलं नाही, केलं म्हण." तो "केलं" म्हणाला, विमान खिशात कोंबलं आणि जागेवर जाऊन बसला. ते उडत होतं की नाही, मी विचारलंच नाही. नोकरीची पहिली कितीतरी वर्षं मी भाषा अशीच शिकवली. मूल बोलायला आलं की आधी त्याची चूक धरायची. आता वर्गात नव्याने येणाऱ्या शिक्षकांना मी पहिल्यांदा हेच सांगते, की महिनाभर तरी ही सवय बाजूला ठेवा. तिच्या जागी काय करायचं, ते पुढे लिहिलंय.

आधी त्या ‘करलं’कडे नीट बघा. धर-धरलं, भर-भरलं, चढ-चढलं, मग कर-करलं! हा हिशोब त्याला कुणी शिकवलेला नाही, आजूबाजूचं बोलणं ऐकून त्याने स्वतः बसवलाय. ‘घेलं’, ‘देलं’, ‘जालो’ हे सगळे त्याच टांकसाळीतले शब्द. गंमत म्हणजे हेच मूल वर्षभरापूर्वी बऱ्याचदा ‘केलं’ बरोबर म्हणत असतं, कारण तेव्हा तो शब्द त्याने जसाच्या तसा उचललेला असतो. नियम सापडला की ते ‘करलं’वर येतं. आईवडिलांना वाटतं पोर मागे चाललंय. प्रत्यक्षात ते पुढे सरकलेलं असतं.

1958 साली जीन बर्को या संशोधिकेने मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याला एक बनावट नाव दिलं. मग तेच दोन प्राणी दाखवले आणि अनेकवचन मुलांकडून वदवून घेतलं. शब्द कधीच ऐकलेला नसूनही मुलांनी अनेकवचन बरोबर केलं. हा खेळ तुम्ही उद्या वर्गात करू शकता. फळ्यावर वाकडातिकडा प्राणी काढा. "हा एक पिगा. आता हे आहेत दोन…?" माझ्या वर्गात एका सुरात उत्तर आलं, "पिगे!" मग "ही एक लोमी, या दोन…?" "लोम्या!" ज्यांनी व्याकरण हा शब्दही ऐकलेला नाही, ती मुलं पुल्लिंग-स्त्रीलिंगाचे नियम हसतखेळत वापरतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की दुरुस्तीचा उत्साह आपोआप कमी होतो.

मुलगे "मी येते, बाई" म्हणतात, त्यालाही हसू नका. दिवसभर आई आणि बाई ‘येते, जाते, करते’ बोलतात, तेच त्यांच्या कानावर असतं. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची गल्लतही बराच काळ चालते. ऐकणाऱ्याला धरून की त्याला सोडून, हे ठरवायला समोरच्याचा विचार करावा लागतो. भल्याभल्या भाषांमध्ये तर हा भेदच नसतो.

वाक्य परत द्यायचं

दुरुस्ती करायची नाही, मग करायचं काय? मुलाचं वाक्य त्यालाच परत द्यायचं, पण नीट करून आणि थोडं वाढवून. "अरे वा, विमान केलंस? एकट्याने केलंस? पंख कसे केलेस?" एका दमात त्याने बरोबर रूप तीनदा ऐकलं, अपमान झाला नाही आणि बोलणंही पुढे सरकलं. इथे एक पथ्य आहे. ‘केलंस’वर जोर देऊन, भुवया उंचावून बोलू नका. मुलं सूर आधी ओळखतात, शब्द नंतर. जोर आला की ती पुन्हा दुरुस्तीच झाली.

वाढवायचं ते एकच पायरी. मूल "पाऊस बाहेर" म्हणालं तर "हो, बाहेर जोरात पाऊस पडतोय" एवढं पुरे. त्यावर जलचक्राचं व्याख्यान सुरू केलं तर ते खिडकीकडे बघायला लागेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

मी कधीच चूक दाखवत नाही असं नाही. बोलण्याचा अर्थ लागत नसेल तर विचारते. मुलाने स्वतः "असं म्हणायचं का?" विचारलं तर सरळ सांगते. मोठ्या मुलांच्या लेखनात सांगते, तेही एका वेळी एकच गोष्ट. पण कुणी धावत येऊन काही सांगत असेल, तर आधी विमान बघायचं.

गप्प बसायला शिका

एकदा मी फोनवर स्वतःचाच तास ध्वनिमुद्रित केला. घरी ऐकताना कान लाल झाले. वीस मिनिटांत बहुतेक वेळ मीच बोलत होते. प्रश्न विचारायचा, श्वास घ्यायचा आणि उत्तर स्वतःच देऊन टाकायचं. मुलांच्या वाट्याला आलं होतं ते "हो बाई", "नाही बाई" आणि एकदा "पाणी पिऊन येऊ?"

माझी एकटीची ही गत नव्हती. मेरी बड रो या शिक्षण-संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात आणि "माहीत नाही" कमी होतं. तीन सेकंद! ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गासमोर उभं राहून थांबून बघा, युगं लोटल्यासारखं वाटतं. मी टेबलाखाली मांडीवर तीन बोटं एकेक करून टेकवते. तिसरं बोट टेकेपर्यंत तोंड बंद.

तरीही दोन-तीन चुणचुणीत मुलं उत्तर ओरडतातच. त्यांना गप्प करत बसण्यापेक्षा मी म्हणते, "आधी शेजाऱ्याच्या कानात सांगा." अर्ध्या मिनिटात सगळा वर्ग बोललेला असतो, आणि लाजरं मूलही एकदा सराव करून तयार झालेलं असतं.

प्रश्नही बदलावे लागतात. चित्रावर बोट ठेवून "हे काय आहे?" विचारलं की "मांजर" येतं आणि विषय संपतो. शिवाय ते मांजर आहे हे तुम्हाला दिसतंय, मुलांना हेही कळतं की बाई परीक्षा घेताहेत. त्याऐवजी मी नुसतं म्हणते, "हे मांजर केव्हाचं दारापाशी बसलंय. कुणाची तरी वाट बघत असावं." आणि बोटं मोजते. कुणीतरी तोंड उघडतंच.

गोष्टीच्या पुस्तकालाही हेच लागू. एकच पुस्तक आठवड्यात चार-पाच वेळा घ्या. पहिल्या दिवशी मी वाचते. दुसऱ्या दिवशी ओळखीचं वाक्य अर्धं सोडते, मुलं पुरं करतात. तिसऱ्या दिवशी "असं का केलं असेल त्याने?" शेवटी पुस्तक मुलांच्या हातात आणि मी ऐकणार. 1988 साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी अशा संवादी वाचनाची पद्धत तपासली, तेव्हा महिनाभरात लहान मुलांच्या बोलण्यात फरक दिसला होता. "तीच गोष्ट परत?" हा प्रश्न फक्त मोठी माणसं विचारतात.

शब्द हाताला ओला लागू द्या

एका दुपारी कुणाची तरी पाण्याची बाटली लवंडली. रागावायच्या आधी मला त्यात तास दिसला. "काय झालं?" "पाणी सांडलं." टेबलावरून एक धार पायापर्यंत आली होती, "बघा, हे ओघळतंय." कडेवरून थेंब पडत होते, "हे ठिबकतंय." फडकं भिजवून वर उचललं, "आणि हे निथळतंय." उरलेलं पाणी कुंडीत ओतलं, "हे मुरलं." पाच क्रियापदं, आणि एकाचाही अर्थ सांगावा लागला नाही. फळ्यावर यादी लिहून घोकून घेतली असती तर मधल्या सुट्टीपर्यंतही टिकली नसती. पण एकदा दाखवून काम संपत नाही. पुढचे कितीतरी दिवस हात धुताना, छत्री ठेवताना, फळा पुसताना मी ते शब्द मुद्दाम वापरत राहिले.

घरची भाषा वेगळी असेल तर

अशी मुलं सुरुवातीला कित्येक आठवडे, कधी काही महिने वर्गात बोलत नाहीत. ती रिकामी बसलेली नसतात, कान चालू असतात. त्यांना उभं करून "बोल ना, बोल" करू नका. बोट दाखवून, मान हलवून, चित्र काढून उत्तर देऊ द्या. घरच्या भाषेत शेजाऱ्याशी बोलली तरी थांबवू नका, त्या भाषेत पक्का झालेला विचार नव्या भाषेत यायला फार वेळ लागत नाही. आणि पालकांना "घरी आता शाळेचीच भाषा बोला" असा सल्ला कृपा करून देऊ नका. आईला ज्या भाषेत रागावता येतं, गोष्ट सांगता येते, तीच तिने बोलावी.

दुसरा धोका उलट बाजूचा. मूल मैदानावर नव्या भाषेत भांडायला लागलं की आपल्याला वाटतं, आली हिला भाषा. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी रोजच्या आणि अभ्यासाच्या भाषेतला फरक मांडला. रोजच्या बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पाठ्यपुस्तकातली, ‘कारण’, ‘तुलना करा’, ‘यावरून काय कळते’ असली भाषा यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. तोवर गणिताच्या शाब्दिक उदाहरणात अडणारं मूल गणितातच कच्चं आहे असा शिक्का मारण्याची घाई नको.

उच्चार आणि कान

एक मुलगा रबरला ‘लबल’ म्हणायचा. मी लाडात येऊन म्हटलं, "लबल हवं का?" तो चिडला. "लबल नाही, लबल!" त्याच्या कानाला ‘र’ स्पष्ट ऐकू येत होता, जीभ तेवढी वळत नव्हती. तेव्हापासून मी मुलांशी बोबडं बोलत नाही. ‘र’, ‘ळ’, ‘श’ सगळ्यांत उशिरा बसतात, थांबायचं. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान पुष्कळ मुलं काही काळ अडखळतात. "सावकाश बोल" म्हणू नका, वाक्य तुम्ही पुरं करू नका, त्याच्याकडे बघत ऐका.

पण चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसाला बहुतेक कळत नसेल, पाठीमागून हाक मारल्यावर ते वळत नसेल किंवा येत असलेले शब्द गळायला लागले असतील, तर थांबायचं नाही. आधी कान तपासून घ्यायला सांगा. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पाणी साचून ऐकू कमी येतं, आणि वर्गात आपण त्यालाच ‘लक्ष नसतं’ म्हणतो. अडखळणं महिनोन्महिने चाललं किंवा बोलताना चेहरा ताणला जायला लागला, तर वाचा-उपचारतज्ज्ञाकडे पाठवा.

एक वही

प्रत्येक मुलाला दोन पानं. आठवड्यातून एकदा त्याचं एक वाक्य, जसं बोललं तसंच, तारीख टाकून लिहायचं. सुधारून लिहायचं नाही, नाहीतर वहीचा उपयोगच काय? जूनमधलं "बाई तो मारतो" आणि फेब्रुवारीतलं "बाई, मी काही केलं नव्हतं तरी त्याने मला मारलं" शेजारी ठेवून पालकांना दाखवलं, की गुणपत्रिका उघडावी लागत नाही.

माझ्या वहीत एका मुलीची पानं बरेच आठवडे कोरी होती. तिच्या घरची भाषा वेगळी, वर्गात एक अक्षर नाही. मी फक्त ‘हसली’, ‘मान हलवली’, ‘खडू आणून दिला’ असं लिहायचे. एक दिवस फळा पुसायचं फडकं बादलीतून काढताना मी घाईत म्हणाले, "बाजूला व्हा रे, पाणी सांडतंय."

मागून बारीक आवाज आला, "निथळतंय."

मी तारीख टाकून तेवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती परत गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने खडू मागितला, निळा.