देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी कशी शोधावी

आधी शब्दांचा घोळ मिटवू. 'आकाशगंगा' म्हणताना आपल्या मनात कधी रात्रीचा तो दुधट पट्टा असतो, तर कधी कुठलंही तारकाविश्व. इथे आकाशगंगा म्हणजे फक्त आपली. अशा सगळ्या तारकाविश्वांच्या जातीचं नाव दीर्घिका.

दुर्बिणीशिवाय दुसरी दीर्घिका दिसते, हे सांगितलं की पुष्कळांना थाप वाटते. पण दिसते. उत्तर गोलार्धात ऑक्टोबर ते डिसेंबरमधली संध्याकाळनंतरची वेळ, अमावास्येच्या आसपासची रात्र आणि शहराच्या दिव्यांपासून लांबची जागा, एवढं जमवा. पोहोचल्या पोहोचल्या शोधायला लागू नका. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि मध्ये एकदा मोबाइल उघडला की सगळं पहिल्यापासून. नकाशा बघायचाच असेल तर टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावा.

तेवढ्या वेळात आपली दीर्घिका बघून घ्या. उत्तरेकडे इंग्रजी एम अक्षरासारखे पाच तारे दिसतात, तो शर्मिष्ठा तारकासमूह. आकाशगंगेचा पट्टा तिच्यावरूनच जातो. सुमारे 1 लाख प्रकाशवर्षं व्यासाची तबकडी आपण आत बसून कडेकडे बघतो, म्हणून ती पट्ट्यासारखी दिसते. सूर्य तिच्या केंद्रापासून साधारण 26 हजार प्रकाशवर्षांवर आहे. पश्चिमेकडे हंस तारकासमूहाजवळ हा पट्टा मधोमध फाटल्यासारखा दिसतो. ती फट मला कित्येक वर्षं रिकामी जागा वाटायची. तारे तिथेही आहेत. मध्ये धुळीचे प्रचंड ढग आल्यामुळे त्यांचा प्रकाश अडतो.

आता मुख्य काम. महाश्व तारकासमूहाचा मोठा चौकोन शोधा. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा मिळून तो होतो. उत्तराभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांपैकी उत्तरेकडच्या ताऱ्यापासून चौकोनाच्या बाहेर निघा. पहिला तारा जरा मंद, दुसरा ठळक आणि तांबूस. या तांबूस ताऱ्यावर थांबा आणि शर्मिष्ठेच्या दिशेने वळा. वाटेत एक मंद तारा, मग त्याहून मंद दुसरा. त्या दुसऱ्याच्या शेजारी धुरकट, लांबट डाग आहे, तीच देवयानी दीर्घिका. पुराणात शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत ढकललं. आकाशात मात्र देवयानीचा पत्ता तिच्याकडेच विचारावा लागतो.

डागाकडे रोखून बघितलंत तर तो नाहीसा होईल. नजर किंचित बाजूला ठेवा. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी नसतात, सभोवती असतात. दिसतो तो फक्त गाभा. अख्खी दीर्घिका डोळ्यांना दिसली असती तर तिची लांबी पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने मांडल्याएवढी भरली असती.

हा 'छोटा ढग' पर्शियन खगोलशास्त्रज्ञ अल-सूफी यांनी 964 साली नोंदवला होता. तो आपल्या आकाशगंगेतला की बाहेरचा, याचा निकाल मात्र 1923 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत घेतलेल्या फोटोपासून लागत गेला. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी फोटोच्या काचेवर एका ताऱ्याला नवतारा (इंग्रजीत 'नोव्हा', अचानक उजळणारा तारा) समजून 'एन' लिहिलं होतं. ते खोडून त्यांनी 'व्हीएआर!' लिहिलं, म्हणजे 'व्हेरिएबल', तेज कमीजास्त होणारा रूपविकारी तारा. अशा ताऱ्याचं तेज कमीजास्त होण्याच्या कालावधीवरून त्याचं खरं तेज कळतं, हे खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी आधीच दाखवलं होतं. खरं तेज कळलं की अंतर निघतं. हबल यांचं उत्तर सुमारे 9 लाख प्रकाशवर्षं होतं, म्हणजे आकाशगंगेच्या बरंच बाहेर. आज आपण 25 लाख धरतो.

त्या धुरकट डागात नेमकं काय आहे, याचे नमुने त्याच रात्री घरच्या दीर्घिकेत बघता येतात. पूर्वेकडे कृत्तिका म्हणजे एकत्र जन्मलेल्या तरुण ताऱ्यांचा गुच्छ. उशिरा मृग वर आला की बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला मंद ताऱ्यांची छोटी ओळ बघा. तिच्यातला मधला ठिपका धूसर वाटेल. तो तेजोमेघ; तिथल्या वायूतून आजही तारे घडताहेत. दीर्घिकेच्या केंद्रातलं कृष्णविवर अर्थातच दिसणार नाही. आपल्याकडचं सूर्याच्या सुमारे 40 लाख पट वजनाचं आहे. आणखी एक गोष्ट दिसत नाही, आणि वस्तुमानाचा मोठा वाटा तिचाच. 1970 साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांनी याच देवयानीचा फिरण्याचा वेग मोजला. कडेचा भाग मंदावायला हवा होता, पण मंदावला नाही. न दिसणारं काहीतरी त्याला धरून ठेवतंय. त्याला कृष्णपदार्थ म्हणतात. तो कशाचा बनलाय याचा पत्ता अजून लागलेला नाही.

डाग सापडलाच नाही तर डोळ्यांना दोष देण्याआधी वाटेतले ते दोन मंद तारे दिसतात का बघा. तेच दिसत नसतील तर आकाश पुरेसं काळं नाही; जागा बदला. तारे दिसतात पण डाग नाही आणि देवयानी अजून खाली असेल, तर ती आणखी वर येईपर्यंत तासभर थांबा.